जवळचे नातेवाईक: नाहीत

प्रिय अक्का,

तुझी ट्रंक उघडली. रागावू नकोस. तेरावं होऊन आठवडा झाला आणि शेजारची नरसव्वा म्हणाली, लुगड्यांना हवा दाखवा मास्तर, कसर लागंल. म्हणून उघडली. सकाळी दहाला उघडली, आता गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला, आणि मी पुन्हा तुझ्या ट्रंकेशेजारी फरशीवरच येऊन बसलोय. सत्तेचाळीस वर्षांच्या मास्तराला फरशीवरून उठता येत नाही, हे बघून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस.

लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाही. तुला वाचता यायचं ते मराठी, तेही अक्षर अक्षर लावून. म्हणून सावकाश लिहितोय.

तुझ्या हातच्या त्या सहा दुपट्यांच्या घडीत एक कागद सापडला. इंग्रजी, टाइप केलेला, वकिलातीच्या शिक्क्याचा. "कागद त्यांनीच ठेवून घेतला रे," असं तू मला सांगितलं होतंस. मुंबईला, दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या पायऱ्या उतरताना. आणि मी विश्वास ठेवला. ज्या माणसाचा कुणावरच विश्वास नाही म्हणून साप्ताहिकवाले त्याला दर आठवड्याला रकाना देतात, त्या माणसानं तुझ्यावर विश्वास ठेवला!

अक्का, तू माझ्याशी खोटं बोललीस?

थांब. आधी मला सगळं ओळीनं लावू दे. माझं डोकं आज ओळीत चालत नाही.

विलायतेहून तुझ्या वसंताला मुलगी झाली त्याची तार आली, तेव्हा तू कडक भाकरी करत होतीस. तार मी वाचली, तू हातातली भाकरी परातीत ठेवलीस आणि नुसतं म्हणालीस, "न्हाऊ कोण घालतंय तिला?" विलायतेत पोरींना न्हाऊ-माखू घालायला कोण येतं, हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यातही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तू जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतलीस.

मग वसंताचं ते लांबलचक निळं हवाई पत्र आलं. आईला आणायचे दोन मार्ग आहेत मामा, असं त्यानं लिहिलं होतं. एक, पाहुणी म्हणून, सहा महिने. त्यासाठी आई परत जाणार याची खात्री पटवावी लागते: तिकडे घर आहे, माणसं आहेत, ती वाट बघतायत. दुसरा, कायमची. विधवा आईला वयाची अट नाही, पण ती मुलाच्याच आधारावर जगते हे दाखवावं लागतं, आणि तिकडे तिला आधार देणारं दुसरं जवळचं माणूस नाही हेही. दोन्हीपैकी काय ते तुम्ही आईला विचारून ठरवा.

आईला विचारून. हे दोन शब्द त्या पत्रात होते अक्का. मी आज ते पत्रही काढून बघितलं. स्पष्ट आहेत. निळ्या शाईत.

मी विचारलं का तुला?

मी इंग्रजीचा मास्तर. हायस्कुलात चाळीस पोरांना वर्तमानकाळ आणि भूतकाळ शिकवणारा. मी तुला विचारणार होय? मी हिशेब केला की सरकारी कचेरीत मागायचंच तर सगळं मागावं. सहा महिने कशाला? कायमचं! तिथं तुझा मुलगा, सून, नात, घरात गरम पाण्याचा नळ. इथं काय? हातपंप, आणि मी. आणि खरं सांगू? मला माझाच फार अभिमान वाटला होता. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीला स्वतःहून सोडून द्यायचं, केवढा तो त्याग! त्यागाची मूर्ती झालो होतो मी. फक्त सही तुझी लागत होती.

तू एकदाच विचारलंस. "बाळू, परतीचं कसं?"

मी म्हणालो, "परतीचं काय घेऊन बसलीस? तिकडंच राहायचंय आता तुला, राणीच्या राज्यात."

तू गप्प झालीस. मला वाटलं, आनंदानं.

मग काय धावपळ केली आपण! तुझा पासपोर्टाचा फोटो आठवतो? फोटोवाला म्हणाला, "आज्जी, पदर जरा मागं घ्या, कान दिसू द्या." तू म्हणालीस, "कान बघून सोडत्यात व्हय विलायतेला?" मोहोळला जाऊन भावजींच्या मृत्यूचा दाखला आणला. पस्तीस वर्षांपूर्वीचं दप्तर शोधताना तिथला कारकून मला म्हणाला, "एवढ्या उशिरा कशाला लागतोय? आता तर ते परत येण्यासारखे न्हाईत की." देवीची लस टोचून घेतलीस, तिचा पिवळा दाखला घेतलास. छातीचा एक्स-रे काढलास आणि घरी आल्यावर उजेडासमोर धरून नरसव्वाला दाखवलास. "बघ गं, ह्यात वसंता दिसतोय का." वसंताच्या मनिऑर्डरींच्या पावत्या, त्याच्या जन्माची नोंद, सगळं मी सुतळीनं बांधलं. आणि मग तो फॉर्म भरला.

कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडं नेला नाही. म्हटलं, माझ्यासारखा इंग्रजी लिहिणारा असताना टायपिस्ट कशाला? स्वतःच्या हातानं भरला, ठळक अक्षरांत. त्यात एक रकाना होता. स्वदेशात आधारासाठी जाता येईल असे दुसरे जवळचे नातेवाईक: नाव, नातं, पत्ता. मी त्या रकान्यात इंग्रजीत चार अक्षरांचा एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ: नाहीत.

लिहिताना हात थरथरला का? छे! अक्षर वळणदार आलं म्हणून मी खूश होतो.

"इथं सही कर," म्हणालो.

"काय लिव्हलंस?"

"जे लागतं ते."

आणि तू चंद्रभागा असं एकेक अक्षर कोरत सही केलीस. माझ्या मरणाच्या दाखल्यावर! अगं, मला कागदावर मारून टाकलं होतं मी, आणि तुला साक्षीदार केलं होतं.

आता त्या ट्रंकेतल्या कागदाचं सांगतो. त्यात काय लिहिलंय ते तुला वकिलातीतल्या दुभाष्यानं सांगितलंच असेल, पण मी आज पहिल्यांदा वाचलं. चार वेळा वाचलं. तुझी मुलाखत घेणाऱ्या साहेबाचं इंग्रजी छान आहे. माझ्यापेक्षा बरं आहे.

तो लिहितो की, अर्जदार बाईंनी अर्जात स्वदेशात कोणी जवळचे नातेवाईक नाहीत असं निवेदन केलं आहे. तथापि मुलाखतीत त्यांनी सांगितलं की त्यांना एक भाऊ आहे. त्या त्याच्याच घरी राहतात. तो मुलाखतीच्या वेळी याच इमारतीत बाहेर बाकड्यावर बसलेला आहे. अर्जही त्यानंच भरला आहे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे या भावाला स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही. तथापि तो जवळचा नातेवाईक आहे, याबद्दल शंका नाही. सबब प्रवेशपत्र देता येत नाही.

दोनदा तथापि आहे अक्का. दोन्ही तथापि माझे.

बाकड्यावर मी काय करत होतो माहीत आहे? पेपर वाचत होतो! आत भिंतीपलीकडे मी आहे की नाही याचा निकाल लागत होता, आणि मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.

मी तो कागद घेऊन तसाच नरसव्वाच्या दारात गेलो. ती मागावर बसायच्या तयारीत होती. माझं तोंड बघून तिनं कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, "गावलं व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"मग! अक्का मुंबैहून आल्या दिशीच सांगितली की."

"काय सांगितलं?"

तिनं पदरानं घाम पुसला. तुला माहीत आहे, तेलुगूतून मराठीत यायला तिला आधी जरा थांबावं लागतं. "त्यो सायेब इचारला म्हनं, तुमाला तितं कोन न्हाय, हे खरं हाय का? अक्का म्हनली, हाय की! भाऊ हाय. ह्यो काय भाईर बसलाय, बोलवू का? मग त्यो मराठी बोलनारा मानूस हाय न्हवं, त्यो हळूच म्हनला, बाई, न्हाय म्हना, तुमचं काम हून जाईल. मी सायबाला सांगतो तुमी घाबरलाव म्हनून."

"मग?"

"मग काय? अक्का म्हनली, जित्या मानसाला न्हाय कसं म्हनू?"



तुझ्या घरात कधी काही संपलं का गं? तांदूळ संपायचे नाहीत, वाढायचे. मीठ संपायचं नाही, वाढायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. बांगडी पिचली तरी ती वाढवली. लहानपणी मी डबा उपडा करून ओरडायचो, "अक्का, गूळ नाही!" आणि तू पाठीत धपाटा घालायचीस: "न्हाई म्हनू ने घरात. वाढलाय म्हन." या सवयीवर मी एकदा साप्ताहिकात आख्खा लेख पाडला होता. आमच्या घरी रिकाम्या डब्यांची एवढी वाढ झालीय की सरकारनं आमच्याकडून धान्य विकत घ्यावं, असं काहीतरी. लोक हसले. तूही हसलीस. आणि संध्याकाळी पुन्हा म्हणालीस, "बाळू, साखर वाढलीय, येताना घेऊन ये."

ज्या बाईनं रिकाम्या डब्यालाही कधी नाही म्हटलं नाही, तिच्याकडून मी सख्ख्या भावाच्या नावापुढं नाही लिहून घेतलं. तुला न सांगता. तुला वाचता न येणाऱ्या भाषेत.

"मला का नाही सांगितलंस?" असं मी नरसव्वाला विचारलं. जरा आवाज चढवूनच विचारलं.

"शप्पत घातली व्हती अक्का. आनि सांगून काय करायचं मास्तर? तुमी पेपरात छापला असता."

बोल आता! आणि तिचं खोटं नव्हतं.

कारण मी छापलंच होतं. मुंबईहून परत आल्यावर. पायऱ्या उतरताना मी विचारलं होतं, "काय झालं?" तू म्हणालीस, "राहिलं." बघ, तेव्हाही नाही म्हणाली नाहीस. मी विचारलं, "का?" म्हणालीस, "वय बसत न्हाई म्हनले." आणि मी पेटलो! अठ्ठावन्न वर्षांची म्हातारी यांना पुरेशी म्हातारी वाटत नाही? स्टेशनवर तू फडकं सोडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढलीस, मोठा तुकडा माझ्याकडं सरकवलास, आणि मी भाकरीचे तुकडे मोडत मोडत तिथंच लेख जुळवत होतो. विलायतेला आई हवी, पण पुरती पिकलेली. पाडाला आलेली चालत नाही. केवढा गाजला तो लेख! हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. नव्या पेठेत एका शिंप्यानं मला थांबवून हात मिळवला. तू तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतलास आणि डोळ्यातलं पाणी पुसत हसलीस.

हसत होतीस का गं? का रडत होतीस?

वसंताच्या पत्रात स्पष्ट होतं, विधवेला वयाची अट नाही. मी स्वतःच ते वाचलं होतं! तरी मला शंका आली नाही. माझा विनोद इतका चांगला जमला होता, की त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे का, हे बघायची गरज वाटली नाही. दोन वर्षं मी त्या साहेबाला शिव्या घातल्या. तो बिचारा तेवढा एक माणूस, ज्यानं तुझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, आणि लिहूनही ठेवलं. चहासकट.

आता सगळ्यात वाईट सांगतो. त्यात विनोद करता येतो का, हे मी दुपारभर बघितलं. येत नाही.

तुला कायमचं जायचंच नव्हतं.

हेही नरसव्वानंच सांगितलं. "अक्काला नातीला न्हाऊ घालून यायचं व्हतं. चार म्हयने. मग परत." पाहुणी म्हणून अर्ज केला असता, तर त्यांनी विचारलं असतं, परत कशासाठी याल? आणि तू म्हणाली असतीस, भाऊ आहे की, बाहेर बाकड्यावर बसलाय, त्याला चहा येत नाही. तेच उत्तर! अगदी तेच. ज्या उत्तरानं तुझं दार बंद झालं, त्याच उत्तरानं ते उघडलं असतं. मी फक्त चुकीच्या दाराशी तुला उभं केलं. आणि एकदा कायमचं मागून झाल्यावर पाहुणी म्हणून पुन्हा मागायला गेलो, तर ही बाई तिकडंच राहील असा त्यांना संशय येणारच, असं वसंतानंही लिहिलं. मग तो म्हणाला, मीच येतो या थंडीत, मुलीला घेऊन. थंडीला अजून तीन महिने आहेत. आणि तू पीठ मळता मळता भिंतीला टेकलीस, ती टेकलीसच.

नातीला बघितलं नाहीस तू. एक फोटो, तोही काळापांढरा. तो तुझ्या देवांजवळ होता, आता माझ्या खिशात आहे.

मला राग येतोय तुझा. हो, तुझा! तू एका शब्दानं म्हणाली असतीस, "बाळू, मला परत यायचंय." मी थट्टा केली असती, खरंय. आठवडाभर केली असती. पण फॉर्म बदलला असता. तू का गप्प बसलीस? भावजी गेले तेव्हा कडेवर वसंता घेऊन मोहोळहून आलीस, त्याच वर्षी आपली आई गेली, आणि तू एक तान्हं आणि एक दहा वर्षांचा घोडा अशी दोन पोरं वाढवलीस. दोघांनाही कधी वाटू दिलं नाहीस की कोण पोटचा आणि कोण पाठचा. म्हणून मला वाटायला लागलं की तुझ्या मनातलं मला न विचारताच कळतं. सगळ्या सोलापूरची खोड काढणारा मी, माझ्याच स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला कळलं नाही.

आणि ते चहाचं खोटं आहे हां. चहा मला येतो. फक्त साखर कुठल्या डब्यात आहे, हे कळायला तीन आठवडे लागले. सगळ्या डब्यांवर तू खडूनं काढलेल्या खुणा आहेत, त्या कुणाला वाचता येणार? साखरेच्या डब्यावर फुली आहे. मला वाटलं, विष असेल.

काल वसंताचं पत्र आलंय. "मामा, आता तुम्ही या. पाहुणे म्हणून. मुलीला आपलं कोणीतरी माणूस दिसू दे." सोबत नियमांचा कागद आहे. मलाही परत येण्याची खात्री पटवायची आहे. नोकरीचा दाखला देईन, शाळेकडून हरकत नसल्याचं पत्र घेईन, लस टोचून घेईन. पण विचारतीलच ते, तुमचं स्वदेशात जवळचं कोण आहे?

काय सांगू? तो एक शब्द माझ्या हातून दोन वर्षांपूर्वी इतक्या सहज उतरला होता. आज कोऱ्या कागदावर लिहून बघितला. दुसऱ्या अक्षराशी पेन थांबलं.

तर ऐक. तुला वचन देतो, आणि यात थट्टा नाही.

साप्ताहिकात लिहीन. तुझं नाव न घालता, पण माझं घालून. वयाचा तो लेख खोटा होता, चूक वकिलातीची नव्हती, फॉर्म भरणाऱ्याची होती, असं लिहीन. लोकांना हसू आलं नाही तर न येवो.

फॉर्म मी भरीन, पण सही करायच्या आधी नरसव्वाला मराठीतून वाचून दाखवीन, प्रत्येक रकाना. ती म्हणेल, व्हय, बराबर हाय, तेव्हाच सही. इथून पुढं कुणाचाही फॉर्म मी असाच भरीन.

दुपटी नेईन. सहाच्या सहा. पोरगी आता अडीच वर्षांची झाली, तिला ती पुरायची नाहीत. बाहुलीला पुरतील. बाहुलीला न्हाऊ घालायला शिकवीन तिला. मला येत नाही, पण तू वसंताला घालायचीस ते मी बघितलंय: आधी पाय, मग पाठ, डोक्यावर पाणी सगळ्यात शेवटी.

आणि मुंबईला त्याच इमारतीत जाईन. त्याच बाकड्यावर बसेन, या वेळी पेपर न घेता. नाव पुकारलं की आत जाईन. साहेब दुसरा असेल कदाचित. जवळचं कोण, असं त्यानं विचारलं की तुझा हा कागद त्याच्या टेबलावर ठेवीन आणि सांगेन, माझी एक बहीण होती. दोन वर्षांपूर्वी ती याच खोलीत बसली होती. तिला सगळे सांगत होते की नाही म्हणा, आणि ती म्हणाली होती, आहे, बाहेर बसलाय, बोलवू का?

तिनं बोलावलं असतं तो मी. जरा उशिरा आलोय.

तुझा,
बाकड्यावरचा बाळू